शेवग्यावरचा शिंजीर

मागच्या वर्षीची सकाळ. होळीला चार दिवस होते. अंगणातला शेवगा फुलांनी लदलदला होता आणि मी खाली खाटेवर बसून फवारणीच्या पंपाचं नोझल सुईनं साफ करत होतो. शेवग्याच्या शेंड्यावर एक शिंजीर येऊन बसला. नर होता. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो, पण ऊन अंगावर आलं की निळी-जांभळी झाक उठते. गावात याला वेगळं नाव नाही, ते काळं बारकं पाखरू म्हणतात. शिंजीर हे नाव लेकीच्या पुस्तकातलं.

माझ्यापासून तो पंधरा फुटांवरही नसेल. त्यानं मान उंच केली, बाकदार चोच उघडली, गळ्यावरची पिसं थरथरायला लागली, पंखाखालचे पिवळे-केशरी झुपके बाहेर आले. सगळं अंग त्या कामाला लागलं होतं. आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

मला वाटलं, पाखरू आजारी आहे. कुठल्या तरी फवारलेल्या वावरातलं पाणी प्यालं असेल. मी लेकीला हाक मारली, "इकडे ये वं, हे पाय. याचा आवाज बसला वाट्टे."

ती पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, ते केवढ्यानं ओरडून रायलं! सकाळपासून अभ्यास नाही करू देऊन रायलं मले."

पाखरानं पुन्हा चोच उघडली. मी पुन्हा काही ऐकलं नाही. ती मात्र दर वेळी बोट हलवून मला दाखवत होती, आत्ता, आत्ता, आत्ता.

माझं पोट कानावर चाललं, म्हणून हे सगळं सविस्तर सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. चार एकर काळी जमीन. पावसाळ्यात वावर आणि दिवाळीनंतर जिनिंग, असं मी १९९६ ते २०१५, एकोणीस हंगाम केलं. जिनिंग म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करायची गिरणी. तिथे मी फिटर होतो. डीआर जिन म्हणजे डबल रोलर. चामड्याच्या चकत्या दाबून केलेले दोन रोलर, त्यांना टेकलेले चाकू आणि सरकी झटकून पाडणारा बिटर. रोलर रुई ओढतो, सरकी खाली पडते, रुई पुढे प्रेसवर जाते, तिथे १७० किलोची गठाण बांधली जाते. अशा चोवीस जिना एका लांब शेडमध्ये एकमेकींना लागून उभ्या. त्यातली एक बिघडली तर डोळ्यानं दिसत नाही, रुईच्या धुळीत दहा फुटांपलीकडचा माणूसही दिसत नाही. कानानंच कळतं. चाकू रोलरवर जास्त दाबला गेला तर आवाज चिरका होतो, रोलर घासून बारीक झाला तर फडफडतो. मी शेडच्या दारात उभा राहून सांगायचो, सातव्या जिनचा डावा रोलर काढा. काढल्यावर तेच निघायचं.

म्हणजे चोवीस यंत्रांच्या गोंगाटातून एकीचा खोकला वेगळा ओळखणारा मी, आणि मला माझ्या दारातल्या शेवग्यावरचं पाखरू ऐकू येत नव्हतं.

कानाला लावायला तिथे कधी कोणी काही दिलं नाही. आम्ही हाताशी असलेल्या रुईचे बोळे करून कानात घालायचो. दोन्हीकडे रुईचा ढीग, बोळ्यांची काय कमी! एवढ्या वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं की कोरड्या कापसाच्या बोळ्यानं आवाज जवळपास अडतच नाही. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास राहिलं की कानाला कायमची इजा होते, आणि आपल्याला ती होताना समजत नाही, कारण दुखत नाही. जिनिंगमध्ये, आटाचक्कीवर, थ्रेशरवर काम करणारं कोणी हे वाचत असेल तर माझी विनंती आहे, फोमचे कानप्लग मेडिकलमध्ये अगदी थोड्या पैशात मिळतात. आजच आणा.

लेकीनं पाठपुरावा केला म्हणून मी यवतमाळला तपासणीला गेलो. बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीचे जाड आवाज मी भराभर टिपले. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे पाहिलं तर बाई आपल्या शांतपणे एकेक कळ फिरवत होत्या. त्या आवाज देत होत्या. मी बसून होतो.

नंतर कागद हातात आला. २००० हर्ट्झपर्यंत रेषा बऱ्यापैकी सपाट. ३००० ला उतरायला लागली आणि ४००० ला विहिरीत पडावी तशी सरळ खाली. डॉक्टर म्हणाले, कारखान्यातल्या माणसाची रेषा इथेच पडते. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. आवाज ओळखायचं काम त्या करतात. गोंगाटानं ४००० च्या आसपासच्या आधी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या मेल्या की परत उगवत नाहीत.

पाखरांच्या उगवतात. हे मला लेकीनं शोधून वाचून दाखवलं. १९८८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या पिलांवर आणि लाव्यांवर हे दाखवून दिलं. मोठ्या आवाजानं त्यांच्या कानातल्या या पेशी मेल्या, आणि काही दिवसांत त्या जागी नव्या आल्या. ती वाचत होती आणि समोर उकिरड्यावर आमची कोंबडी पायानं माती उकरत होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ज्या जिवाचं सगळं आयुष्य आवाजावर चालतं, त्याला कान परत मिळण्याची सोय आहे. असावीच.

त्या कागदानं माझी दहा वर्षांची एक समजूत मोडली. दहा वर्षं मी पारावर, लग्नात, बाजाराच्या गाडीत सगळ्यांना सांगत होतो की पाखरं संपली. आता सकाळी पहिल्यासारखा किलबिलाट नाही. फवारणीनं मारली सगळी. मी हे मनापासून सांगायचो आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण फवारणीचं विष आम्ही जवळून पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. माणसं मरतात तिथे पाखरांचं काय, असं कोणीही म्हणेल.

यवतमाळहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला घेऊन मी वावरात गेलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलो आणि म्हटलं, तुले काय काय आयकू येते ते सांग. ती सांगत गेली. बोरीत चष्मेवाले आहेत, दहा-बारा तरी असतील, एकमेकांशी सारखं बोलत आहेत. वाळल्या पऱ्हाटीत, कपाशीच्या काड्यांत, वटवट्या आहे. तारेवर वेडे राघू. बाभळीत शिंपी. मला शिंप्याचा आवाज अर्धवट येत होता, बाकीचे नाहीत. मी विचारलं, "हे रोज असतेत?" ती म्हणाली, "रोजच तं असतेत, बाबा."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. हायसं वाटलं, आणि त्याच वेळी घशात आवंढा आला. पाखरं आपल्या जागेवर होती. दहा वर्षं मी त्यांच्या मधोमध चालत होतो आणि त्यांच्या मरणाच्या गोष्टी सांगत होतो.

म्हणून आता जी खरंच गेली त्यांच्याबद्दल मी जपून बोलतो. गिधाडं गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधानं गेली, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंड निकामी करायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोपर्यंत आमच्याकडच्या ढोरफोडीच्या जागा ओस पडल्या होत्या. वरोरा-भद्रावतीकडच्या माळावर माळढोक होते. नर माळढोकाचा आवाज इतका जाड की माझ्या कानालाही तो सहज आला असता. तिथे आता कान चांगले असूनही काय ऐकणार.

घरातलंही एक कोडं त्या कागदानं सोडवलं. स, श, फ ही अक्षरं उंच सुरातली. माझी रेषा जिथे विहिरीत पडते, तिथेच ती राहतात. घरची बाई 'साखर संपली' म्हणायची आणि मला आखर-अंपली असं काहीतरी ऐकू यायचं. मी म्हणायचो, तू पुटपुटते, तोंड उघडून बोल. ती म्हणायची, तुमचं लक्षच नसते. यावरून आमच्यात किती अबोले झाले याची मोजदाद नाही. कागद दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून ती माझ्यासमोर येऊन, चेहरा माझ्याकडे करून बोलते. शिंजिराचं गाणं आणि तिचा 'स' माझ्या एकाच विहिरीत पडलेले आहेत, हे मला रोज आठवतं.

जे राहिलं ते मात्र मी आता पूर्वीपेक्षा जास्त नीट ऐकतो. धुऱ्यावरच्या पळसातून भारद्वाज हूप-हूप-हूप करतो, रिकाम्या माठात फुंकल्यासारखा. होला दुपारभर बोलतो. उन्हाळ्यात तांबट वडाच्या झाडावर ठोके देत बसतो. कोकीळ आहे. टिटवी आहे. आणि पावशा आहे.

पावशाचं सांगायलाच पाहिजे. मे संपायला आला की तो बोलायला लागतो. सूर एकेक पायरी चढतो, चढत चढत अगदी फाटेपर्यंत जातो, थांबतो, आणि परत खालून सुरू. त्याचं बोलणं आपल्याकडे 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ऐकतात. आमचे बापू ते ऐकलं की कोठ्यातून तिफण बाहेर काढून दोर तपासायचे. पण पेरायचे नाहीत. वावरात खोल बोट घालून ओल पाहायचे आणि परत यायचे. २०१४ साली मी त्यांचं ऐकलं नाही. पावशा ओरडत होता, मृगाची एक सर येऊन गेली, आणि मी कपाशी टोबून मोकळा झालो. मग पावसानं तोंड फिरवलं. अंकुर वर आले आणि उन्हात करपून गेले. दुबार पेरणी करावी लागली, बियाण्याच्या बॅगा उधारीवर आणल्या. मी पावशाच्या नावानं बोटं मोडत होतो तर बापू म्हणाले, "पाखरू त्याच्या कामाले बोलते. आपण आपल्या कामाले आयकतो. त्याले काहून शिव्या देतं?"

त्याचं काम काय, ते मला आता कळलं आहे. पावसाच्या तोंडावर अळ्या-किडे वाढतात, सातभाईंची घरटी होतात, आणि पावशाची मादी आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकते. नराची सगळी हाकाटी त्या दिवसांतली. आपण पेरलं काय, न पेरलं काय, त्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. तरी त्याचा आणि आमचा हंगाम एकच, कारण दोघांनाही तो पाऊसच आणतो. बापूंना यातलं अळ्यांचं माहीत नव्हतं, पण पाखराचं ऐकायचं आणि ओल स्वतःच्या बोटानं पाहायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. पावशाचं पिल्लू सातभाईंच्या घरात वाढतं, कोकिळेचं कावळ्याच्या घरात. आपल्या बापाचं गाणं त्याला कोणी शिकवत नाही. तरी वेळ आली की कोकिळेचा नर 'कुहू'च म्हणतो, 'काव' म्हणत नाही. ते गाणं तो अंड्यातूनच घेऊन येतो. दयाळाचं तसं नाही. दयाळ, शिंजीर, चिमणी या गटातल्या पाखरांना गाणं शिकावं लागतं. पिल्लू आधी मोठ्यांचं ऐकतं, मग पाला-पाचोळ्यात बसून हळू आवाजात अडखळत काहीतरी बडबडतं, तुटक, आपल्या बोबड्या लेकरासारखं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचं नीट गाणं होतं. ऐकायला कोणी मिळालंच नाही तर त्याचं गाणं वेडंवाकडं राहतं.

गेल्या वर्षी श्रावणात आंब्याखाली असं एक दयाळाचं पिल्लू मी पाहिलं. छातीवर अजून ठिपके होते. त्याचे जाड सूर मला येत होते, बारीक गळत होते, त्यामुळे ते बोबडं गाणं मला अजूनच बोबडं ऐकू आलं. लेक माझ्या शेजारी उभी होती. ती लहान होती तेव्हा, बोलायला शिकली त्या हिवाळ्यात, मी रात्रपाळीवर होतो. सकाळी घरी यायचो तेव्हा कानात नुसती किर्रर्र असायची आणि ती काय बोलते ते मला कळायचं नाही. तिची माय सांगायची, आज हे बोलली, आज ते बोलली. मी हो-हो म्हणून झोपी जायचो. ते आंब्याखालचं पिल्लू मी म्हणून तासभर ऐकत बसलो असेन.

आवाज कुठून निघतो तेही मला मजेशीर वाटलं. माणसाचा गळ्यातून निघतो. पाखराचा छातीत, श्वासनळीचे दोन फाटे फुटतात त्या जागी, आणि त्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. काही पाखरं एकाच वेळी दोन वेगळे सूर काढतात ते यामुळे. लेकीनं चित्र दाखवलं आणि मी पटकन म्हणालो, ही तं डीआर जिन आहे! दोन रोलर, एक घर.

कान कसे लावायचे हे मला खरं शिकवलं ते जागलीनं. जिनिंग सोडल्यावर मी हरभऱ्याच्या जागलीला जायला लागलो. रात्री रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं आली तर एका रात्रीत पीक साफ करतात. शेजारच्या वावरात पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, एक आजोबा असायचे, आम्ही त्यांना दादाजी म्हणायचो. आता ते नाहीत. ते बॅटरी क्वचितच लावत. माचाणावर बसून दोन्ही तळवे कानांमागे धरायचे, कोंबड्याच्या पंखासारखे, आणि हळूहळू मान फिरवायचे. मी तसं करून पाहिलं आणि चकित झालो, लांबचा आवाज खरंच जवळ येतो. ते म्हणायचे, आवाज नोको आयकू, आवाज कोठी बंद झाला ते आयक. रातकिडे सगळीकडे ओरडत असतात. जनावर चालतं तिथले रातकिडे गप्प होतात. ती गप्प झालेली जागा अंधारात सरकत येते. मग तिथून टिटवी उठते आणि ओरडत गोल फिरते. दादाजी म्हणायचे, आता लाव बॅटरी. आणि उजेडात रोह्यांचे डोळे चमकायचे.

टी-वन वाघिणीचे दिवस होते तेव्हा तर आमचा सगळा मुलूख कान टवकारून जगत होता. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती मारली गेली, तोवर राळेगाव-पांढरकवड्याकडच्या बाया कापूस वेचताना दर पाच मिनिटांनी थांबायच्या आणि ऐकायच्या. मोर दचकून ओरडला का, वानरं खेकसली का, सातभाई एकाएकी का कालवा करून राहिले. तेव्हा पाखरांचा आवाज कानाआड केला असता असं घर इकडे सापडलं नसतं. भीती सरली तसे ते कानही सैल पडले.

माझ्या मायला घड्याळ कधी लागलं नाही. कोतवाल पाखरू बोललं की ती उठायची आणि जात्याला बसायची. कोतवाल अंधारातच बोलतो, त्याच्या मागून दयाळ, मग कोंबडे, बुलबुल, आणि उजाडल्यावर सातभाई. पहाटेच सगळे का बोलतात याचीही कारणं आहेत. वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. उजेड कमी असल्यानं किडे शोधता येत नाहीत, तेवढा वेळ गाण्याला मोकळा. आणि नराला शेजाऱ्यांना सांगायचं असतं की रात्र निघाली, मी आहे, ही जागा माझी आहे. माय जात्यावर ओव्या म्हणायची तेव्हा आमच्या गल्लीतही तेच व्हायचं. कोणत्या घरातून आवाज आला नाही तर ती उजाडल्यावर जाऊन विचारायची, काहून वं, बरी हायेस ना?

यंदा लेकीनं फोनमध्ये मर्लिन नावाचं एक फुकटचं ॲप घेतलं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं. फोन पाखराच्या दिशेनं धरला की पडद्यावर आवाज उमटतो. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर, काळ्या रेघांमध्ये, आणि पाखराचं नाव येतं. एप्रिलमध्ये त्याच शेवग्याखाली ती फोन घेऊन बसली. वर शिंजीर चोच उघडून होता. मला नेहमीसारखी शांतता. आणि पडद्यावर वरच्या बाजूला बारीक काळे फटकारे धावत होते, सुईनं कापडावर टाके घालावेत तसे, दाट, खाली उतरणारे, मग एक जागा सोडून पुन्हा. मी त्यावर बोट टेकवलं. माझ्या तपासणीच्या कागदावर रेषा जिथे विहिरीत पडली होती, ती जागा इथे अशी भरगच्च भरलेली होती.

मी तिला म्हटलं, जिनिंगमध्ये आम्ही मोटरची पुली बदलून वेग कमी केला की आवाज जाड व्हायचा. याचं तसं नाही का होत? ती थोडा वेळ फोनशी झटत राहिली. नुसता वेग कमी केला तर फोन सूर जागेवरच ठेवतो, गाणं लांबतं पण बारीकच राहतं, असं तिच्या लक्षात आलं. मग तिनं लॅपटॉपवर घेऊन वेग आणि सूर दोन्ही निम्म्यावर आणले. ५००० हर्ट्झचं २५०० होतं. मग तिनं आवाज पूर्ण वाढवून माझ्या कानाशी धरला.

मला आलं. बुलबुलाच्या आवाजासारखं, पण ओलसर, चार-पाच पायऱ्या एकापाठोपाठ उतरणारं, शेवटी थोडं घोळवलेलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. घरातून तिची आई आली आणि माझ्या शेजारी खाटेवर बसली, पदर डोळ्याला लावून. लेक म्हणाली, "खरं गाणं याच्याहून फास्ट हाय, बाबा, हे तुमच्यासाठी हळू केलं." मी म्हटलं, "मले हेच आयकू दे."

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं आहे, कापसाचे पैसे हाती आले की. तोवर आमचं असं चाललंय की ती ऐकते आणि मी पाहतो. ती म्हणते, बारीक आवाज, तीन वेळा, बाभळीकडून. मी सांगतो, मग कुठल्या फांदीवर असेल, कसं उडेल. दोघांचं मिळून एक पाखरू पूर्ण होतं. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ ला, पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांचा १२ ला. यंदा त्या दिवसांत गावच्या शाळेतल्या पोरांना आमच्या धुऱ्यावर बसवायचं तिच्या मनात आहे. मी म्हटलं, त्यांना आधी तळवे कानामागे धरायला शिकवू. वेचणीचे दिवस असतील, पण दोन सकाळी निघतील.

आज मृग लागून आठ दिवस झाले. बोट घालून पाहिलं, ओल अजून चार बोटंच आहे. पावशा सकाळपासून ओरडतो आहे. पुढच्या महिन्यात लेक अमरावतीला शिकायला जाईल. तिनं माझ्या फोनमध्ये चौदा पाखरांची गाणी हळू करून भरून दिली आहेत आणि मी ज्या नावानं ओळखतो तीच नावं त्यांना दिली आहेत, 'शेवग्यावरचं काळं', 'बोरीतले चष्मेवाले', 'पऱ्हाटीतला वटवट्या'. पहाटे मी खाटेवर बसतो. शिंजीर शेंड्यावर येतो, मान ताणतो, चोच उघडतो, तेव्हा मी कळ दाबतो. चोच आणि गाणं जुळत नाहीत, कारण माझं गाणं दुप्पट वेळ घेतं. पाखरू आपलं गाऊन उडून जातं, शेंड्यावरची काडी हलून थांबते, आणि माझ्या हातात ते अजून गातच असतं.